विश्लेषण : सर्व्हरचे काम वाटेतच उरकणारे ‘शहाणे’ नेटवर्क कार्ड! डेटा सेंटरमधला हा बदल नेमका काय आहे?

सोयाबीनच्या हंगामात खामगावच्या बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते. प्रत्येक गाडीची गेटवर नोंद होते, माल कोणत्या अडतीवर जाणार ते लिहिले जाते, ओलावा तपासला जातो, काट्यावर वजन होते. ही सगळी कामे अडत दुकानातल्या मुनीमजींवरच टाकली तर? हिशेबपट्टी करायला बसवलेला जाणता माणूस दिवसभर गेटवर पावत्या फाडत राहील आणि त्याच्या टेबलासमोर पैशासाठी आलेल्या शेतकऱ्यांची रांग वाढतच जाईल.

जगभरातल्या डेटा सेंटरमध्ये बरीच वर्षे नेमके हेच चालले होते. हिशेब करण्यासाठी विकत घेतलेले महागडे प्रोसेसर आपला मोठा वेळ ‘गेटवरच्या’ कामात घालवत होते. त्यावर उपाय म्हणून आता नेटवर्क कार्ड आणि स्विच यांनाच थोडे शहाणे केले जात आहे, म्हणजे त्यांच्यात प्रोग्राम भरून किरकोळ कामे त्यांच्याकडूनच करून घेतली जात आहेत. पुणे-मुंबईतल्या क्लाउड केंद्रांत हे तंत्र पोहोचले आहे आणि आयआयटी मुंबईने त्यावर स्वतःचे संशोधनही केले आहे. बुलढाण्यात बसून मोबाइल वापरणाऱ्याचा याच्याशी संबंध काय, ते समजून घेऊ.

आपण बटण दाबतो तेव्हा काय होते?

तुम्ही चिखलीतल्या दुकानात क्यूआर कोड स्कॅन करून दोनशे रुपये पाठवले. फोनवर एक हिरवी खूण दिसली. आपल्यासाठी व्यवहार संपला. पण त्या एका टिचकीमागे बँकांच्या आणि पेमेंट यंत्रणेच्या अनेक सर्व्हरमध्ये निरोपांची देवाणघेवाण झालेली असते. खाते तपास, पिन पडताळ, शिल्लक बघ, नोंद कर, समोरच्या बँकेला कळव. ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयवर एका महिन्यात 2,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. सरासरी काढली तर दर सेकंदाला सात हजारांहून अधिक. यातल्या प्रत्येकासाठी आतल्या आत होणारे निरोप वेगळेच.

हे निरोप ‘पॅकेट’ नावाच्या छोट्या पाकिटांतून फिरतात. सर्व्हरला पाकीट आत-बाहेर पाठवायला नेटवर्क कार्ड असते आणि अनेक सर्व्हर एकमेकांना जोडायला स्विच असतो. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत आम्ही बघितलेला स्विच म्हणजे हिरवे दिवे लुकलुकणारा एक डबा होता. पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि योग्य दाराने बाहेर सोडायचे, एवढेच त्याला येई. पाकिटाबाबत बाकी जे काही ठरवायचे ते सर्व्हरमधला मुख्य प्रोसेसर ठरवत असे.

मग अडचण कुठे आली?

अडचण आली ती वेगाच्या शर्यतीत. नेटवर्कचा वेग प्रोसेसरच्या तुलनेत फार झपाट्याने वाढला. इथरनेटचे 10 गिगाबिटचे मानक 2002 मध्ये आले, 100 गिगाबिटचे 2010 मध्ये, 400 गिगाबिटचे 2017 मध्ये आणि 800 गिगाबिटचे 2024 मध्ये. म्हणजे बावीस वर्षांत 80 पट. प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग मात्र त्याच काळात तीन-चार गिगाहर्ट्झच्या आसपासच घुटमळत राहिला. कोअरची संख्या वाढली, पण एकेकट्या कोअरला पूर्वीसारखी झेप घेता आली नाही.

याचा अर्थ काय, हे छोट्या गणिताने कळते. 100 गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान आकाराची पाकिटे एकामागून एक आली, तर सेकंदाला सुमारे 14.9 कोटी पाकिटे येऊ शकतात. दोन पाकिटांमधले अंतर असते 6.7 नॅनोसेकंद. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात फक्त वीस ठोके मिळतात. सर्व्हरच्या मुख्य मेमरीतून एखादी गोष्ट शोधून आणायलाच साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. म्हणजे मुनीमजी कपाटातून वही काढेपर्यंत दारात पंधरा ट्रॅक्टर येऊन उभे!

प्रत्यक्षात सगळी पाकिटे इतकी लहान नसतात आणि एकच कोअर सगळे काम करत नाही. तरी ओझे कोणत्या बाजूला वाढत आहे ते यातून दिसते.

यात खरोखर किती काम वाया जात होते?

याचे मोजमाप झालेले आहे. 2015 मध्ये गुगलच्या यंत्रांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या काळात 20 हजारांहून अधिक सर्व्हर नेमके कोणत्या कामात वेळ घालवतात, ते त्यात तपासले होते. माहितीची बांधाबांध करणे, ती दाबून लहान करणे, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणे, दूरच्या सर्व्हरला हाक मारणे अशा पायाभूत कामांतच प्रोसेसरचा जवळजवळ 30 टक्के वेळ जात असल्याचे आढळले. संशोधकांनी त्याला ‘डेटा सेंटरचा कर’ असेच नाव दिले. सर्च असो की व्हिडिओ, हा कर सगळ्यांनाच भरावा लागतो.

क्लाउड कंपन्यांसाठी तर हा थेट पैशांचा प्रश्न आहे. त्यांचा धंदाच मुळी प्रोसेसरचे कोअर भाड्याने देण्याचा. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी 2018 मधल्या शोधनिबंधात साधा हिशेब मांडला होता. एक कोअर भाड्याने दिला तर वर्षाला जास्तीत जास्त सुमारे 900 डॉलर मिळू शकतात. सर्व्हर पाच वर्षे चालला तर 4,500 डॉलर. तोच कोअर पाकिटे हाताळण्यात अडकला, तर तेवढे उत्पन्न बुडाले. एका सर्व्हरमध्ये असे काही कोअर आणि सर्व्हर लाखो! तेव्हा हे काम स्वस्त कार्डाकडे सोपवणे परवडणारच.

‘शहाणे’ हार्डवेअर म्हणजे नेमके काय?

ढोबळमानाने त्याचे तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार, स्मार्टनिक किंवा डीपीयू. हे सर्व्हरमध्ये बसणारे नेटवर्क कार्डच, पण त्यावर स्वतःचा छोटा प्रोसेसर आणि मेमरी असते. एन्व्हिडियाच्या ब्लूफील्ड-3 या कार्डावर 16 आर्म कोअर आहेत आणि ते 400 गिगाबिटपर्यंतची वाहतूक सांभाळते. फायरवॉल, माहिती सांकेतिक करणे, दूरच्या डिस्कवरून माहिती आणणे अशी कामे ते मुख्य प्रोसेसरला न विचारता करते. आधीच्या ब्लूफील्ड-2 बद्दल कंपनीने 2020 मध्ये दावा केला होता की, एक कार्ड 125 कोअरपर्यंतचे काम उचलू शकते. विक्रेत्याचा आकडा नेहमीच सर्वांत चांगल्या दिवसाचा असतो, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

दुसरा प्रकार, एफपीजीए. साधी चिप कारखान्यातून बाहेर पडली की तिची आतली मांडणी कायमची. एफपीजीएची मांडणी मात्र नंतरही बदलता येते. आज एका कामासाठी, सहा महिन्यांनी दुसऱ्यासाठी.

तिसरा प्रकार, प्रोग्राम करता येणारा स्विच. यात स्विचलाच सांगता येते की, पाकिटाचा अमुक भाग वाच, तमुक तक्ता बघ आणि मग निर्णय घे. त्यासाठी ‘पी-फोर’ नावाची संगणकीय भाषा आहे. ती मांडणारा शोधनिबंध 2014 मध्ये आला. त्याच्या अकरा लेखकांत जॉर्ज वर्गीस हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थीही आहेत.

बाजार समितीच्या भाषेत सांगायचे तर स्मार्टनिक म्हणजे प्रत्येक अडत दुकानाच्या दारात बसवलेला हुशार पोऱ्या आणि प्रोग्राम करता येणारा स्विच म्हणजे मुख्य गेटवरचा नोंदणी कारकून.

महाराष्ट्रात हे आले आहे का?

आले आहे, पण आपल्याला दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2015 मध्ये भारतात आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. त्यातले ‘मध्य भारत’ केंद्र पुण्यात आणि ‘पश्चिम भारत’ केंद्र मुंबईत आहे. त्याच वर्षाच्या अखेरीपासून कंपनीने जगभरातल्या आपल्या प्रत्येक नव्या क्लाउड सर्व्हरमध्ये एफपीजीए असलेले नेटवर्क कार्ड बसवायला सुरुवात केली. 2018 पर्यंत अशा सर्व्हरची संख्या दहा लाखांवर गेली होती. भाड्याने दिलेल्या दोन आभासी सर्व्हरमधला निरोप त्यामुळे 15 मायक्रोसेकंदांच्या आत पोहोचू लागला. पापणी मिटायला याच्या हजारो पट वेळ लागतो.

ॲमेझॉनचे मुंबई केंद्र जून 2016 मध्ये सुरू झाले. या कंपनीने 2015 मध्ये ॲनापुर्णा लॅब्स ही इस्रायली चिप कंपनी विकत घेतली होती. नावावरून आपल्याकडची वाटली, तरी ते नाव हिमालयातल्या अन्नपूर्णा शिखराचे! तिच्या चिपवर आधारलेली ‘नायट्रो’ यंत्रणा नोव्हेंबर 2017 मध्ये पूर्ण स्वरूपात समोर आली. नेटवर्क, साठवण आणि सुरक्षेची कामे तिने वेगळ्या कार्डांवर हलवली, त्यामुळे मुख्य प्रोसेसर जवळजवळ पूर्णपणे ग्राहकाला देता येतो.

यात सुरक्षेचाही भाग आहे. क्लाउडमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक भाडेकरू असतात. मालकाची व्यवस्था आणि भाडेकरूंची कामे एकाच प्रोसेसरवर चालली, तर एकाने दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा धोका राहतो. मालकाची व्यवस्था वेगळ्या कार्डावर गेली की मध्ये पक्की भिंत उभी राहते.

आयआयटी मुंबईने काय केले?

आपल्यासाठी सर्वांत जवळचे उदाहरण हेच, कारण त्याचा संबंध थेट आपल्या खिशातल्या फोनशी आहे.

आपण फोन वापरत नसतो तेव्हा बॅटरी वाचवण्यासाठी त्याचे नेटवर्कशी असलेले नाते सैल पडते. एक प्रकारे फोन डुलकी घेतो. व्हॉट्सॲपचा निरोप आला किंवा आपण स्क्रीन उघडून काही बघायला लागलो की, तो जागा होऊन नेटवर्कला सांगतो, ‘मी आलो, रस्ता मोकळा करा.’ काम संपले की पुन्हा डुलकी. दिवसभरात हे असंख्य वेळा घडते. असा प्रत्येक निरोप मोबाइल कंपनीच्या ‘कोअर’ म्हणजे मध्यवर्ती यंत्रणेतल्या सर्व्हरपर्यंत जातो. एक माणूस एक बटण दाबतो तेव्हा हे क्षुल्लक वाटते. शेगावात प्रकट दिनाला लाखोंची गर्दी जमते, प्रत्येकाच्या हातात फोन असतो, तेव्हा त्याचा पसारा कळतो. अर्थात, अशा गर्दीत नेट अडकण्यामागे मोठा वाटा टॉवरच्या लहरींवर येणाऱ्या ताणाचा असतो. पण या निरोपांचा भार मध्यवर्ती सर्व्हरवरही पडतोच.

आयआयटी मुंबईतल्या रिंकू शाह, विकास कुमार, मैथिली वुटुकुरू आणि पुरुषोत्तम कुलकर्णी यांनी 2020 मध्ये ‘टर्बो-ईपीसी’ नावाची रचना मांडली. कल्पना अशी की, फोन जागा होण्याचे आणि झोपी जाण्याचे निरोप ठरावीक साच्याचे असतात. त्यासाठी दर वेळी मुख्य सर्व्हरपर्यंत कशाला जायचे? ग्राहकाची थोडी माहिती वाटेतल्या पी-फोर स्विचमध्येच ठेवली, तर स्विच परस्पर उत्तर देऊ शकतो. नवीन जोडणी, ओळख पटवणे अशी गुंतागुंतीची कामे मात्र सर्व्हरकडेच राहतील.

हा प्रयोग त्यांनी फोर-जीच्या रचनेवर, प्रत्यक्ष हार्डवेअर वापरून केला. स्विचमध्ये एका वेळी सुमारे 65 हजार ग्राहकांची माहिती ठेवली तेव्हा असे निरोप हाताळण्याची क्षमता नेहमीच्या रचनेच्या 102 पटींपर्यंत वाढली आणि लागणारा वेळ 98 टक्क्यांपर्यंत घटला. स्विच इतर वाहतुकीत पूर्ण गुंतलेला असतानाही क्षमता 22 पटींपर्यंत राहिली. हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत. तुमच्या गावातल्या टॉवरमागे आज हीच यंत्रणा चालते, असा त्याचा अर्थ नाही. पण कोणते काम वाटेत उरकावे आणि कोणते नाही, याची निवड नीट केली तर केवढा फरक पडतो, हे त्यातून दिसले.

एआयशी याचा काय संबंध?

फार जवळचा. मोठे एआय मॉडेल एका चिपवर शिकत नाही. शेकडो-हजारो चिप मिळून अभ्यास करतात. प्रत्येक चिप आपल्या वाट्याच्या माहितीवरून काही आकडे काढते, मग सगळ्यांचे आकडे एकत्र करून बेरीज करायची आणि ती पुन्हा सगळ्यांना कळवायची. हे सतत चालते. बेरीज येईपर्यंत कोट्यवधी रुपयांच्या चिप नुसत्या वाट बघत बसतात.

संशोधकांनी विचार केला की, आकडे स्विचमधूनच जातात, मग बेरीज तिथेच का करू नये? ग्रामपंचायतीच्या मतमोजणीसारखे. सगळ्या पेट्या सगळ्यांनी सगळीकडे नेण्यापेक्षा एका टेबलावर बेरीज करून निकाल सांगणे सोपे. 2021 मध्ये ‘स्विच-एमएल’ या संशोधनात अशी बेरीज प्रोग्राम करता येणाऱ्या स्विचमध्ये केली गेली आणि काही मॉडेल शिकण्याचा वेग 5.5 पटींपर्यंत वाढला. एन्व्हिडियाच्या स्विचमध्ये हेच तत्त्व ‘शार्प’ या नावाने वापरले जाते. ही कल्पना मूळची मेलानॉक्स या कंपनीची. ती एन्व्हिडियाने 2020 मध्ये सुमारे 7 अब्ज डॉलर देऊन घेतली. एआय चिप विकणाऱ्या कंपनीने नेटवर्कच्या धंद्यात एवढी रक्कम का ओतली, त्याचे उत्तर यात आहे.

मग सगळेच काम वाटेत का उरकत नाहीत?

कारण गेटवरचा कारकून कितीही चलाख असला तरी तो मालाचा भाव ठरवू शकत नाही.

पहिली मर्यादा वेळेची. स्विचमध्ये पाकीट थांबत नाही. ते एकामागून एक ठरावीक टप्प्यांतून सरकते आणि प्रत्येक टप्प्यावर एक-दोन सोप्या क्रिया करायलाच वेळ असतो. ‘थांब, जरा मागे जाऊन बघतो’ हे तिथे चालत नाही.

दुसरी मेमरीची. सर्व्हरमध्ये शेकडो गिगाबाइट मेमरी असते. अशा स्विच चिपमध्ये ती जेमतेम काही दहा मेगाबाइट, म्हणजे फोनमधल्या मोजक्या फोटोंएवढी. त्यामुळे ग्राहकांची सगळी यादी तिथे मावत नाही. टर्बो-ईपीसीमध्येही ही माहिती अनेक स्विचमध्ये वाटून ठेवण्याचा विचार करावा लागला.

तिसरी गणिताची. प्रोग्राम करता येणारे बहुतेक स्विच दशांश अपूर्णांकांची गणिते करू शकत नाहीत. स्विच-एमएलला त्यासाठी आधी सगळे आकडे पूर्णांकांत बदलून घ्यावे लागले.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा विश्वासाची. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली की दोन्ही जुळत राहायला हव्यात. दुकानात नवी यादी आली आणि गेटवर कालचीच यादी राहिली, तर चुकीची गाडी आत जाईल आणि बरोबरची बाहेर अडकेल. स्विच बंद पडला तर त्यातली नोंद कुठून आणायची? बँकेच्या खात्यातली शिल्लक अशा ठिकाणी ठेवायची का? नाही. म्हणून साधी, पुन्हा पुन्हा येणारी, चुकली तरी सावरता येणारी कामे वाटेत. जिथे जबाबदारी मोठी तिथे सर्व्हर, अशीच विभागणी सध्या योग्य मानली जाते.

ही कल्पना याआधी फसली होती ना?

हो. प्रोसेसरचे नेटवर्कचे ओझे कार्डावर टाकण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुरू होते. ते फारसे टिकले नाहीत. 2003 मध्ये जेफ्री मोगल या संशोधकाने एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच, ही ‘मूर्खपणाची कल्पना आहे, पण आता तिची वेळ आली आहे’ अशा आशयाचे म्हटले होते. कारण सोपे होते. खास कार्ड बनवून बाजारात येईपर्यंत साधा प्रोसेसरच इतका वेगवान व्हायचा की, कार्डाची गरज उरायची नाही. आता प्रोसेसरची ती घोडदौड मंदावली, म्हणून जुनी कल्पना परत आली.

तरी बाजाराचा भरवसा नाही. प्रोग्राम करता येणाऱ्या स्विचची सर्वांत गाजलेली चिप म्हणजे ‘टोफिनो’. बेअरफूट नेटवर्क्स या कंपनीने ती 2016 मध्ये जाहीर केली. सेकंदाला 6.5 टेराबिट वाहतूक आणि वर पी-फोरने प्रोग्राम करण्याची मुभा. 2019 मध्ये इंटेलने ती कंपनी घेतली. जगभरच्या विद्यापीठांतले संशोधन या चिपवर उभे राहिले. आणि जानेवारी 2023 मध्ये इंटेलने स्विच चिपच्या व्यवसायात पुढची गुंतवणूक थांबवत असल्याचे जाहीर केले. 2025 मध्ये तिचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले करण्यात आले, पण नव्या पिढीची चिप येणार नाही.

त्याच काळात कार्डांची बाजू मात्र भक्कम होत गेली. पेन्सांडो ही डीपीयू कंपनी एएमडीने 2022 मध्ये 1.9 अब्ज डॉलरला घेतली. जानेवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने फंजिबल ही कंपनी घेतल्याचे जाहीर केले. भारतात शिकलेले प्रदीप सिंधू हे तिच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे गेटवरच्या कारकुनापेक्षा दुकानाच्या दारातल्या पोऱ्याला सध्या जास्त मागणी आहे.

आपला फोन वेगवान होईल का? वीज वाचेल का?

पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर, फारसा नाही. बुलढाण्याहून मुंबईपर्यंत केबलचे अंतर 500 किलोमीटर धरले तर काचेच्या तारेतून प्रकाशाला एका फेरीत जाऊन-येऊन 5 मिलिसेकंद लागतात. डेटा सेंटरमध्ये वाचणारे मायक्रोसेकंद त्यापुढे किरकोळ आहेत. टॉवर कमकुवत असेल तर जगातले कुठलेही कार्ड आपली मदत करू शकत नाही. फायदा होतो तो गर्दीच्या वेळी. तेवढ्याच सर्व्हरवर जास्त लोकांचे काम निभावते, सेवा कोलमडत नाही आणि चालवण्याचा खर्च आटोक्यात राहतो.

विजेचा प्रश्न जास्त गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे 415 टेरावॉट-तास, म्हणजे 41,500 कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापरात हा वाटा सुमारे दीड टक्का. 2030 पर्यंत तो वापर 94,500 कोटी युनिटवर जाईल, असे संस्था म्हणते. नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहत आहेत. कृषिपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून अंधारात पाणी द्यायला जाणाऱ्या जिल्ह्याने ही वीज कुठून येणार, हे विचारणे साहजिक आहे.

शहाण्या कार्डांमुळे एकेका कामाला लागणारी वीज कमी होऊ शकते, कारण जाडजूड प्रोसेसरपेक्षा खास चिप तेच काम कमी ऊर्जेत करते. पण वाचलेले कोअर कंपनी बंद ठेवत नाही, दुसऱ्या ग्राहकाला विकते. त्यामुळे प्रत्येक युनिटमागे काम वाढते, एकूण बिल कमी होईलच असे नाही. ‘आमचे डेटा सेंटर कार्यक्षम आहे’ अशी जाहिरात दिसली तर दर कामामागची वीज आणि वर्षाची एकूण वीज, असे दोन्ही आकडे मागायला हवेत.

जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांसाठी यात काय आहे?

शेगाव, चिखली, बुलढाणा इथून दरवर्षी अभियंते बाहेर पडतात. बहुतेकांची धाव वेबसाइट आणि ॲप बनवण्याकडे असते, कारण त्याचे क्लास गल्लोगल्ली आहेत. नेटवर्क हा विषय ‘पाठ करून पास व्हायचा’ म्हणून मागे पडतो. या क्षेत्राची कामे मात्र आपल्या राज्यात आहेत. एन्व्हिडियाचे विकास केंद्र पुण्यात आहे. 1988 पासून पुण्यात असलेल्या सी-डॅकने महासंगणकांसाठी ‘त्रिनेत्र’ हे स्वतःचे वेगवान नेटवर्क विकसित केले आहे.

शिकायला लाखोंचा स्विच लागत नाही. पी-फोरचा सॉफ्टवेअर स्विच साध्या लिनक्स लॅपटॉपवर चालतो. ‘मिनीनेट’ या मोफत साधनाने एका लॅपटॉपमध्येच दहा-वीस यंत्रांचे नेटवर्क उभे करता येते. पी-फोरचे सरावाचे धडेही इंटरनेटवर फुकट आहेत. लिनक्समध्येच असलेले ‘ईबीपीएफ’ हे तंत्र शिकले तर पाकीट ॲपपर्यंत पोहोचण्याआधी वाटेतच कसे हाताळायचे, ते कोणत्याही खास हार्डवेअरशिवाय समजते. त्यासाठी सी भाषा पक्की हवी आणि पाकिटाच्या आत काय असते, ते हाताने लिहून काढण्याची तयारी हवी. टोफिनोची गोष्ट लक्षात ठेवून एकाच कंपनीच्या चिपवर सगळा अभ्यास उभारू नये. चिप येतात-जातात, कोणते काम कुठे करावे, हे ओळखण्याचे कसब कामी येत राहते.

पुढे काय?

येत्या काही वर्षांत नवा सर्व्हर म्हणजे प्रोसेसर, एआय चिप आणि शहाणे नेटवर्क कार्ड, अशी तिघांची जोडणी सर्रास दिसेल. कार्डावरची कामे वाढतील, तशी त्या कार्डातल्या सॉफ्टवेअरची सुरक्षा हाही मोठा प्रश्न होईल, कारण सगळी ये-जा आता त्याच्या हातातून होते. गेटवर बसवलेला माणूसच फितूर झाला तर आतले कुलूप कितीही मजबूत असून उपयोग नसतो. म्हणून बँका, सरकारी कार्यालये आणि मोबाइल कंपन्यांना पुढे प्रोसेसर कोणता, एवढेच विचारून भागणार नाही. वाटेत कोणते कार्ड बसवले आहे, त्यात कोणाचा प्रोग्राम चालतो आणि तो कोण बदलू शकतो, हेही विचारावे लागेल.